पी५३ पॉझिटिव्ह आलंय, आता आप्पांचं कसं होणार?

पत्र थोडं छोटं करून देतेय:

"डॉक्टरकाकू, मी इचलकरंजीची. आमचे आप्पा ६६ वर्षांचे, सगळी नोकरी प्रोसेसला डाईंग खात्यात झाली, बिडी अजून चालू आहे. दिवाळीनंतर लघवीतून रक्त गेलं, दुखलं काहीच नाही म्हणून महिनाभर कुणाला बोलले नाहीत. सोनोग्राफीत लघवीच्या पिशवीत गाठ दिसली, कोल्हापूरला दुर्बिणीने काढली. रिपोर्ट असा: हाय ग्रेड, पीटी१, एकच गाठ अडीच सेंटिमीटरची, मसल आलाय पण त्यात कॅन्सर नाही, सीआयएस नाही. खाली लिहिलंय पी५३ पॉझिटिव्ह ६० टक्के, की-६७ ३५ टक्के. भावाने रात्रभर गुगल केलं आणि 'पी५३ म्हणजे वाईट प्रोग्नोसिस' असा स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर टाकला, आई तेव्हापासून धड जेवत नाहीये. डॉक्टर म्हणतात चार आठवड्यांनी परत दुर्बीण टाकून तिथलं खरवडायचं आणि मग बीसीजी. पण चुलतभावाच्या ओळखीच्या एका लॅबवाल्याने बारा प्रोटीनचं पॅनेल सांगितलंय, ४०,००० रुपये, त्यातून कॅन्सर परत येणार की नाही ते आधीच कळतं म्हणे. भाऊ म्हणतो तो रिपोर्ट येईपर्यंत दुसरं ऑपरेशन थांबवू, आणि वाईट आला तर सरळ पिशवीच काढून टाकू. आप्पांना आम्ही अल्सर होता म्हणून सांगितलंय. काय करू?"

अगं, पहिलं म्हणजे ते दुसरं ऑपरेशन थांबवू नका. बाकी सगळं नंतर वाचलंस तरी चालेल, पण तारीख घेतली नसेल तर आजच फोन करून घे.

कारण सांगते. हाय ग्रेड म्हणजे पेशी दिसायलाच जास्त बिघडलेल्या. सीआयएस म्हणजे अस्तरातच सपाट पसरलेला हाय ग्रेड कॅन्सर, तो आप्पांच्या रिपोर्टमध्ये नाही. टी१ म्हणजे गाठ पिशवीच्या आतल्या अस्तरातून खालच्या थरात उतरलीय पण मसलपर्यंत पोचलेली नाही, असं पहिल्या ऑपरेशनच्या तुकड्यांवरून दिसतंय. "तुकड्यांवरून" हे महत्त्वाचं, कारण दुर्बिणीने गाठ अख्खी निघत नाही, ती खरवडून चिप्स काढतात, कडा करंटने जळलेल्या असतात, आणि तेवढ्यावरून आम्ही पॅथॉलॉजिस्टनी सांगायचं असतं की खोली किती. अनुभवी सर्जनने केलेलं असलं तरी टी१ मध्ये दुसऱ्यांदा दुर्बीण टाकली की जवळपास निम्म्या पेशंटमध्ये काही ना काही उरलेलं सापडतं, आणि शंभरात आठ-दहा जणांत असं निघतं की ते मसलमध्ये गेलेलं होतं, पहिल्या वेळी कळलं नाही इतकंच. आप्पांच्या रिपोर्टमध्ये मसल आलाय आणि मोकळा आहे, ही खरंच चांगली बातमी आहे, तुमच्या घरात ती कुणी ग्रुपवर टाकलेली दिसत नाही. तरी दुसरी दुर्बीण लागतेच, आणि ती दोन ते सहा आठवड्यांत व्हायला हवी. पुढे काय होईल हे सांगणारी सगळ्यात भरवशाची टेस्ट म्हणशील तर आत्ता तीच आहे, आणि त्यात उरलेलं निघूनही जातं, म्हणजे टेस्ट आणि ट्रीटमेंट दोन्ही. तिला थांबवून पॅनेलची वाट बघायची हे उलटं झालं.

आता त्या ६० टक्क्यांबद्दल. मी आयुष्यभर मायक्रोस्कोपला डोळा लावून हेच केलंय, त्यामुळे हा आकडा तयार कसा होतो ते सांगते, म्हणजे त्याची भीती किती घ्यायची हे तुझं तुला ठरवता येईल. ऑपरेशनचे तुकडे फॉर्मालिनमध्ये येतात, मग मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवले जातात, त्या ब्लॉकचे तीन-चार मायक्रॉनचे काप काचेवर घेतात. मग ती काच गरम बफरमध्ये ठेवतात, वर पी५३ ला चिकटणारी अँटिबॉडी टाकतात, शेवटी एक केमिकल टाकलं की जिथे प्रोटीन आहे तिथे पेशीचं केंद्रक चॉकलेटी होतं, बाकीची निळी राहतात. मग पॅथॉलॉजिस्ट बघतो आणि अंदाज घेतो, शंभरात किती चॉकलेटी. बहुतेक ठिकाणी हा अंदाज नजरेने घेतात. एकाने ६० म्हटलं तिथे दुसरा ५० म्हणेल, तिसरा ७० म्हणेल, आणि तिघंही बरोबर. अँटिबॉडी कुठल्या कंपनीची, तुकडा फॉर्मालिनमध्ये किती तास होता, जळालेली कड मोजली की टाळली, सगळ्याने फरक पडतो.

आणि चॉकलेटी का होतं ते पण बघ. पी५३ हे आपल्या प्रत्येक पेशीत असलेलं चांगलं प्रोटीन आहे, डीएनए बिघडला की पेशीला थांबवणारं. नॉर्मल पी५३ पेशीत फार वेळ टिकत नाही, थोड्याच वेळात मोडलं जातं, त्यामुळे नॉर्मल पेशींत कुठे कुठे फिकट रंग दिसतो. जीन बिघडला की बिघडलेलं प्रोटीन मोडत नाही, साठत जातं, आणि केंद्रक गडद चॉकलेटी दिसतात. पण गंमत अशी की काही बिघाडांत प्रोटीन तयारच होत नाही, मग स्लाइड पूर्ण कोरी, एकही पेशी चॉकलेटी नाही, तेही ॲबनॉर्मलच. म्हणजे शेजारच्या एखाद्या पेशंटच्या रिपोर्टमध्ये पी५३ शून्य टक्के आलं म्हणून त्यांनी पेढे वाटले तर तेही चूकच. भावाच्या स्क्रीनशॉटमध्ये हे नसणार.

तरी भाऊ अगदीच हवेत बोलत नाहीये, त्याला उगाच झापू नकोस. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या टीमने २४३ पेशंटचा अभ्यास छापला होता, सगळे पिशवी काढलेले, आणि त्यात ज्यांच्या गाठीत पी५३ साठलेलं होतं त्यांना कॅन्सर परत येण्याचं प्रमाण जास्त होतं, स्टेज-ग्रेड बाजूला ठेवून बघितलं तरी. तो पेपर गाजला. आम्हा पॅथॉलॉजीवाल्यांना वाटलं चला, एक रंग टाकायचा आणि भविष्य सांगायचं. गुगलवर जे "पी५३ वाईट" सापडतं त्याचं मूळ बहुतेक वेळा त्या काळच्या अशाच पेपरांत असतं.

मग त्या संशोधकांनी पुढचं पाऊल उचललं आणि ते मला फार आवडतं, कारण बहुतेक लोक तिथपर्यंत जातच नाहीत. त्यांनी म्हटलं की पी५३ खरंच जर धोका सांगत असेल तर त्याच्यावरून ट्रीटमेंट ठरवून बघू. पिशवी काढलेले, कॅन्सर लिम्फ नोडपर्यंत न गेलेले ५२१ पेशंट नोंदवले, ४९९ जणांचं पी५३ तपासलं, २७२ जणांचं पॉझिटिव्ह आलं, त्यातले ११४ जण चिठ्ठी टाकून दोन गटांत जायला तयार झाले, एका गटाला एमव्हॅक नावाची चार औषधांची केमो, दुसऱ्यावर नुसतं लक्ष. निकाल २०११ मध्ये छापून आला. केमोने फरक पडला नाही. आणि त्याहून मोठं म्हणजे पी५३ पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह यांच्यात कॅन्सर परत येण्यातही फरक दिसला नाही, म्हणजे ज्या पायावर अख्खी ट्रायल उभी केली तोच सापडेना. हे खरं की पुष्कळ पॉझिटिव्ह पेशंट चिठ्ठीला तयार झाले नाहीत, त्यामुळे केमोचा प्रश्न शंभर टक्के मिटला असं मी म्हणणार नाही. पण इतकी वर्षं घासून, पद्धतशीर तपासूनही जो मार्कर टिकला नाही त्याच्यासाठी तुझ्या आईने जेवण सोडावं का, तूच सांग.

असं का होतं, एकदा चांगलं दिसतं आणि नंतर विरून जातं? एक तर हाय ग्रेड गाठीत पी५३ चा बिघाड इतका कॉमन आहे, मसलमध्ये गेलेल्या गाठींच्या मोठ्या जीन अभ्यासात साधारण निम्म्यांत तो सापडला, की तो वेगळं काही सांगतच नाही. रिपोर्टच्या वरच्या ओळीत हाय ग्रेड लिहिलंय, खालच्या ओळीत पी५३, म्हणजे पावसात चिंब भिजून घरी आलेल्याला मोबाईलवर मेसेज यावा की आज पावसाची शक्यता आहे. दुसरं कारण जरा लाजिरवाणं आहे. दीडशे-दोनशे जुने ब्लॉक काढायचे, रंग टाकायचा, मग १० टक्के, २० टक्के, ३० टक्के असे वेगवेगळे कटऑफ लावून बघायचे आणि जो सगळ्यात सुंदर दिसेल तो छापायचा, ही आमच्या क्षेत्राची जुनी खोड आहे, आणि ज्यांच्यात काहीच सापडलं नाही ते पेपर कपाटात. म्हणून २००५ मध्ये 'रिमार्क' नावाची नियमावली आली, मार्करचा अभ्यास छापताना कटऑफ कसा ठरवला, किती पेशंट गाळले, सगळं लिहायचं. पाळतात का सगळे, तर नाही.

की-६७ चं थोडक्यात सांगते. विभागणी चालू असलेल्या पेशीत ते दिसतं, म्हणजे ३५ टक्के पेशी कामाला लागलेल्या. हाय ग्रेड गाठीत असंच असायचं. जास्त असलं तर परत येण्याची शक्यता जास्त असं बऱ्याच अभ्यासांत आलंय, पण आप्पांना द्यायच्या ट्रीटमेंटमध्ये त्या आकड्याने काही बदलत नाही.

"मग पॅथॉलॉजिस्टने केलंच कशाला?" हा प्रश्न मात्र रास्त आहे आणि तो डॉक्टरांना विचार. बरेचदा कारण साधं असतं. आजूबाजूचं सपाट अस्तर नुसतं सुजलंय की तिथे सीआयएस आहे, हे डोळ्याने ठरेना की आम्ही सीके२०, सीडी४४ आणि पी५३ असे तीन रंग टाकतो. कधी मसल खरंच मसल आहे ना हे बघायला डेस्मिन टाकतो. गाठ पिशवीचीच आहे की प्रोस्टेटमधून आलीय अशी शंका असली की गाटा३. हे सगळे प्रोटीन मार्करच, आणि इथे ते खरंच उपयोगाचे आहेत, कारण निदान पक्कं करतात. मला वाटतं आप्पांचं पी५३ असंच कशासाठी तरी केलं असेल आणि टक्केवारी मग रिपोर्टमध्ये लिहिली गेली, आणि ती तुमच्या घरी बॉम्बसारखी फुटली. रिपोर्ट लिहिणाऱ्यांनी अशा आकड्यापुढे एक वाक्य टाकायला पाहिजे की हे का केलं, पण ते माझं आमच्याच लोकांशी भांडण आहे, जाऊ दे.

आता खरा अंदाज कशावरून बांधतात ते ऐक. युरोपच्या युरॉलॉजी संघटनेने २०२१ मध्ये ३,४०१ पेशंटवरून धोक्याचे चार गट केले, कमी, मध्यम, जास्त, खूप जास्त. त्यात काय बघतात? गाठ किती खोल, ग्रेड काय, सीआयएस आहे का, वय ७० च्या वर आहे का, गाठी एकाहून जास्त आहेत का, तीन सेंटिमीटर किंवा मोठी आहे का. बस. त्यात एकही प्रोटीन नाही. हाय ग्रेड टी१ म्हणून आप्पा "जास्त" गटात बसतात, पण वय ६६, गाठ एक, अडीच सेंटिमीटर, सीआयएस नाही, म्हणून "खूप जास्त" मध्ये जात नाहीत. पाच वर्षांत कॅन्सर पुढे सरकण्याचं प्रमाण "जास्त" गटात शंभरात दहाच्या आसपास आहे आणि "खूप जास्त" मध्ये चाळीसच्या आसपास. आणि हे आकडे बीसीजी न घेतलेल्या पेशंटचे आहेत, हे लक्षात ठेव. पुढे सरकणं वेगळं आणि तिथेच परत उगवणं वेगळं, परत उगवण्याचं प्रमाण यापेक्षा पुष्कळ जास्त असतं, या आजाराचा स्वभावच तो, म्हणून तर वर्षानुवर्षं दुर्बीण टाकत राहतात. पुढच्या वेळी एखादी बारीक गाठ दिसली तर लगेच घाबरून जाऊ नका, तेवढ्यासाठी हे सांगून ठेवते.

यावरून भावाच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर निघतं. पिशवी आत्ताच काढायची का, हा वेडा प्रश्न नाही. "खूप जास्त" गटात डॉक्टर स्वतःहून तो विषय काढतात. दुसऱ्या दुर्बिणीत परत टी१ निघालं, सीआयएस निघालं, रिपोर्टमध्ये मायक्रोपॅपिलरी किंवा प्लाझ्मासायटॉइड असा काही वेगळा प्रकार आला, रक्तवाहिन्यांत शिरकाव दिसला, तर तो विषय परत काढायचा आणि नीट बसून बोलायचं. मसलमध्ये निघालं तर मार्गच बदलतो. पण अख्खी पिशवी काढणं म्हणजे मोठं ऑपरेशन, आतड्याचा तुकडा वापरून लघवीची नवी वाट करावी लागते, बहुतेकांना पोटावर बॅग, पुरुषांत सोबत प्रोस्टेट पण जाते. ते एका चॉकलेटी रंगाच्या टक्केवारीवरून करायचं नसतं.

पॅनेलबद्दल. बारा प्रोटीन कुठली ते तू लिहिलं नाहीस, तरी अंदाज आहे. पी५३ सोबत आरबी, पी२१, पी२७, सायक्लिन असे एकत्र मोजले तर एकट्यापेक्षा जरा बरं सांगता येतं, असे अभ्यास आहेत, चांगल्या लोकांनी केलेले आहेत. पण "जरा बरं" म्हणजे हजार पेशंटच्या गटात. एकट्या आप्पांबद्दल "येणार" किंवा "नाही येणार" असं कुठलंच पॅनेल सांगत नाही, आणि जो लॅबवाला तसं सांगतो त्याच्याकडून काहीच घेऊ नये. घ्यायचंच असं वाटलं तर आधी युरॉलॉजिस्टना दोन प्रश्न विचार, अगदी याच शब्दांत: "रिपोर्ट चांगला आला तर तुम्ही बीसीजी द्यायचं रद्द कराल का? वाईट आला तर तेवढ्यावरून पिशवी काढाल का?" दोन्हीला नाही म्हणाले तर ४०,००० रुपये वाचले. मला खात्री आहे नाहीच म्हणतील.

लॅबवाला कदाचित म्हणेल की ताई, परदेशात प्रोटीन बघूनच औषध देतात. अर्धं खरं आहे. आजार खूप पसरलेला असेल तर हर-टू नावाचं प्रोटीन तपासतात, ते तीन प्लस, म्हणजे सगळ्यात गडद, आलं तर त्याच्यावर चालणारं औषध आहे, अमेरिकेत २०२४ पासून ते कुठल्याही अवयवाच्या गाठीसाठी मंजूर आहे. पीडी-एल१ नावाचं आणखी एक प्रोटीन काही ठराविक परिस्थितीत बघतात. नेक्टिन-४ नावाचं प्रोटीन तर आणखी मजेशीर, त्याला जाऊन चिकटणारं एनफॉर्ट्युमॅब नावाचं औषध पेम्ब्रोलिझुमॅबसोबत दिलं तर पसरलेल्या आजारात जगण्याचा मधला काळ जुन्या केमोच्या १६.१ महिन्यांवरून ३१.५ महिन्यांवर गेला, २०२३ चा निकाल आहे, आम्हाला विश्वास बसेना इतका चांगला. आणि त्यासाठी नेक्टिन-४ तपासावंच लागत नाही, बहुतेक गाठींत असतंच. हे सगळं पसरलेल्या आजाराचं. इथे प्रोटीन विचारतं "कुठलं औषध लागू पडेल", भविष्य सांगत नाही. अशा लॅबच्या माहितीपत्रकात हे दोन्ही मुद्दाम एकत्र कालवलेले असतात. आप्पा त्या स्टेजला नाहीत.

पैसे आहेत तर ते इथे घाल: स्लाइड दुसऱ्या, रोज पिशवीचेच कॅन्सर बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून बघून घे. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये बाहेरून आलेले स्लाइड आणि ब्लॉक तपासून देतात, आणखीही मोठ्या सेंटरला होतं. टी१ आहे की नाही, मसल खरंच मोकळा आहे का, वेगळा प्रकार काही आहे का, यावर दोन पॅथॉलॉजिस्टची मतं वेगळी पडू शकतात आणि पडली तर ट्रीटमेंट खरोखर बदलते. लॅबमधून ब्लॉक मागून घेताना नंबर रिपोर्टशी जुळवून घे, सही देऊन घे, काम झालं की परत आण आणि सांभाळून ठेव, पुढे कधी हर-टू करायची वेळ आलीच तर हाच ब्लॉक लागतो. आणि ते मेण आहे बाई, उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवायचं नाही, मी असे वितळून पसरलेले ब्लॉक बघितलेत, त्यातून मग काही करता येत नाही. ऑपरेशन आणि बीसीजीच्या खर्चाचं महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचार, लाजायचं काही नाही.

बीसीजी ऐकून दचकू नकोस. लहानपणी दंडावर टोचतात तीच जातकुळी, क्षयाच्या जंतूचा नरमवलेला भाऊ, फक्त इथे नळीने पिशवीत सोडतात आणि तिथली प्रतिकारशक्ती चिडवून कामाला लावतात. १९७६ मध्ये कॅनडात मोरालेस यांनी पहिल्यांदा छापलं आणि आजही हाय ग्रेड टी१ ला त्याच्यापुढे फारसं काही टिकलेलं नाही. कॅन्सरसाठीचं बीसीजी पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट पण बनवते. आठवड्याला एक असे सहा डोस, मग तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी असे तीन-तीन डोस, एक ते तीन वर्षं. लोक पहिल्या सहावर थांबतात कारण बरं वाटायला लागतं, तिथे घात होतो. डोसनंतर लघवी दीड-दोन तास धरायची, मग बसून करायची, सहा तास दर वेळी संडासात ब्लीच टाकून पंधरा मिनिटांनी फ्लश. एक-दोन दिवस जळजळ, कणकण होते. ताप चढत गेला, उतरेना, तर लगेच डॉक्टरांना फोन, आणि मेडिकलमधून आपल्या मनाने अँटिबायोटिक आणायचं नाही, काही अँटिबायोटिक बीसीजीलाच मारतात. लघवीतून लाल रक्त जात असेल किंवा इन्फेक्शन असेल त्या दिवशी डोस घ्यायचा नाही.

आणि बिडी. पिशवीच्या कॅन्सरचं सगळ्यात मोठं कारण तंबाखूचा धूरच आहे, धुरातली विषं रक्तातून लघवीत येतात आणि पिशवीत तासन्‌तास साठून बसतात. डाईंगचाही वाटा असू शकतो, रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना हा कॅन्सर होतो हे जर्मनीत रेन नावाच्या सर्जनने १८९५ मध्येच दाखवलं होतं, आणि काम सोडल्यावर वीस-पंचवीस वर्षांनीही तो होऊ शकतो. डाईंग आता मागे जाऊन बदलता येत नाही, बिडी आज बंद करता येते. पॅनेलमधल्या बारा प्रोटीनपैकी एकही तुमच्या हातात नाही, ही मात्र आहे.

लघवीची प्रोटीन टेस्टही कुणीतरी सुचवेल, एनएमपी२२ वगैरे, दुर्बीण टाळायला. इन्फेक्शन असलं, खडा असला, बीसीजी चालू असलं की ती उगाच पॉझिटिव्ह येते, आणि छोटी गाठ असली तर निगेटिव्ह पण येऊ शकते. दुर्बिणीला पर्याय म्हणून चालत नाही. पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी, मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी, मग वर्षाला एकदा, हे ठरलेलं. वाकणारी दुर्बीण मिळते का ते विचार, पुरुषांना तिने बराच कमी त्रास होतो.

आता हे सगळं अल्सरसाठी करतायत असं आप्पांना किती दिवस सांगणार? सहा आठवडे पिशवीत औषध, घरात ब्लीच, दर तीन महिन्यांनी कोल्हापूर, त्यांना कळणारच, आणि बहुधा कळलेलंच आहे, वॉर्डात शेजारच्या कॉटवरचे लोक बोलतात की. रक्त जातंय हे महिनाभर लपवलं त्यांनी, आता तुम्ही लपवताय, घरात सगळे एकमेकांपासून लपवत बसलेत. तू सांग, भावाने नाही, तो आत्ता घाबरलेला आहे. फार लांबण लावू नकोस. "आप्पा, गाठ कॅन्सरची होती, वरवर आहे, मसलमध्ये गेलेली दिसत नाही, पिशवी वाचवायची ट्रीटमेंट आहे, पण ती पूर्ण करावी लागेल आणि बिडी सोडावी लागेल." एवढंच. मग ते जे विचारतील त्याचं उत्तर दे, न विचारलेल्याचं देऊ नकोस. पी५३ हा शब्द त्या संभाषणात यायची काही गरज नाही. आईला त्याच वेळी शेजारी बसव, म्हणजे तिला वेगळं सांगायला नको, आणि भावाला तो स्क्रीनशॉट डिलीट करायला लावण्यापेक्षा त्याच ग्रुपवर "मसल मोकळा आहे" ही ओळ टाकायला सांग.

पत्राच्या शेवटी तू लिहिलंयस की भाऊपण डाईंगलाच आहे आणि तो स्वतःची लघवीची मार्कर टेस्ट करायची म्हणतोय. त्रास काही नसताना अशा टेस्टची गरज नाही, खोटी पॉझिटिव्ह आली तर विनाकारण दुर्बीण टाकून घ्यावी लागेल. त्याने रंग हाताळताना हातमोजे आणि मास्क वापरावा, हात धुतल्याशिवाय डबा खाऊ नये, सिगारेट ओढत असेल तर सोडावी, आणि लघवी एकदा जरी लाल झाली, दुखो न दुखो, तर आप्पांसारखा महिनाभर न थांबता दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जावं.